नकाशांच्या खोलीतला दिवा

मित्रांनो, खोलीत शिरल्यावर छताकडे कोणी बघत नाही. तुम्हीही बघत नसाल. म्हणून आधीच सांगून टाकतो, मी छतावर आहे. उपड्या ठेवलेल्या वाटीएवढा, एकेकाळी पांढरा स्वच्छ आणि आता पिवळट पडलेला एक जुना सेन्सर. मोठ्या कचेऱ्यांत, दवाखान्यांत, दुकानांच्या मजल्यांवर माझी भावंडे ठिकठिकाणी चिकटवलेली असतात. माणूस आला की दिवा लावायचा आणि माणूस गेला की थोडे थांबून विझवायचा, एवढेच आमचे काम. ऐकायला सोपे वाटते. मलाही सुरुवातीला सोपेच वाटले होते.

लोक मला डोळा म्हणतात. ती त्यांची समजूत आहे. मला दिसत नाही. मला फक्त ऊब कळते, आणि तीसुद्धा हलली तरच. माणसाचे अंग गरम असते. तो चालला, वळला, त्याने हात उचलला की ती ऊब जागची सरकते आणि माझ्या आत खटकन काहीतरी जागे होते. पण तोच माणूस स्तब्ध बसून राहिला तर माझ्या लेखी खोली रिकामी. ऐकू मात्र मला सगळे येते, पण ऐकण्यावर दिवा लागत नाही. तसे मला बनवलेलेच नाही. माझ्याखाली कोणी गळा फाडून ओरडले आणि अंग हलवले नाही, तर मी ढिम्म राहणार. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे जे घडले ते सगळे यातूनच घडले.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या शेवटी एक बाई बसायची. ती आम्हा प्रत्येकासमोरून तळहात फिरवायची. आतला बारीक लाल ठिपका लुकलुकला की म्हणायची, "हा जिवंत." नाही लुकलुकला की म्हणायची, "हा मेलेला," आणि त्याला बाजूच्या टोपलीत टाकायची. मी लुकलुकलो. जिवंत आणि मेलेले यांच्यातला फरक हालचालीवर ठरतो, हा माझा पहिला धडा होता. तो चुकीचा होता हे कळायला मला फार वर्षे लागली.

मला विकत घेतले एका पंप बनवणाऱ्या कंपनीने. तिच्या कचेरीतल्या मोठ्या साहेबांना रिकाम्या खोलीत जळणारा दिवा बघवत नसे. जेवता जेवता उठून ते कोणाच्या तरी खोलीतला दिवा विझवून येत आणि परत बसताना म्हणत, "वीज काय आभाळातून पडते?" एकदा कोणीतरी दबक्या आवाजात म्हणाले होते, "पडते की, पावसाळ्यात." तेव्हापासून साहेब हे वाक्य जरा जपून म्हणायला लागले. शेवटी त्यांनी सगळ्या मजल्यावर आम्हाला बसवायचे ठरवले, म्हणजे त्यांनाही चार घास सुखाने खाता येतील.

बसवायला वायरमन आला. हडकुळा, बोलका माणूस. तो स्क्रूशी, वायरशी, भिंतीशीसुद्धा गप्पा मारी. माझ्या वाट्याला नकाशांची खोली आली. बोळाच्या टोकाची, बिनखिडकीची, दाराला दुधी काच असलेली लहानशी खोली. भिंतीला लागून रुंद, चपट्या खणांची लोखंडी कपाटे होती. त्यांत जुन्या पंपांचे नकाशे होते. वर दोरीला चिमटे लावून ताजे काढलेले कागद वाळत घातलेले असत. जुना पंप कुठे बिघडला की त्याचा नकाशा इथून काढून द्यायचा आणि जो नकाशा विरत चालला असेल तो पुन्हा नवा काढून ठेवायचा. हे काम एकट्या ताई करत.

वायरमनने स्टुलावर उभे राहून माझ्या पोटातल्या इवल्याशा स्क्रूला हात घातला आणि साहेबांना विचारले, "दिवा विझायला किती वेळ ठेवू?"

"कमीत कमी."

"इथे ताई बसून काम करतात साहेब. फारशा हलत नाहीत."

"मग हलतील," साहेब म्हणाले. "तेवढाच व्यायाम."

सगळे हसले. ताईही हसल्या. स्क्रू टोकाला नेऊन बसवला गेला आणि माझी नोकरी सुरू झाली.

ताईंसारखे स्तब्ध बसणारे माणूस मला पुन्हा भेटले नाही. डोळ्याला भिंग लावून त्या कागदावर वाकल्या की त्यांचे फक्त पेन सरके, आणि पेनाला ऊब नसते. त्यामुळे रेघ अर्धी होते न होते तोच मी दिवा विझवी. ताई कुरकुर करत नसत. उजव्या हातातले पेन कागदावरून न उचलता त्या डावा हात डोक्यावर उंच करत, दिवा लागे आणि रेघ पुढे जाई. दिवसभर हेच चाले. हळूहळू तो हात आपसूक वर जायला लागला.

ताईंची भावजय त्याच मजल्यावर दर्शनी टेबलापाशी बसे. आलेल्या माणसाला पाणी विचारायचे, फोन घ्यायचे, कोणाला कुठे पाठवायचे ते सांगायचे, हे तिचे काम. एकाच घरात राहायच्या, एकत्र यायच्या, एकत्र जायच्या. ताईंनी पहिल्या दिवशी "ही माझी भावजय" म्हणून ओळख करून दिली, तेव्हापासून ती सगळ्या मजल्याची वहिनी झाली. वहिनींची जीभ तिखट होती. दुपारी डबा खायला त्या ताईंच्या खोलीत येत आणि मिनिटभर गप्प बसत नसत. एकदा त्या म्हणाल्या, "घरी जेवतानासुद्धा यांचा हात मध्येच वर जातो. काही हवंय वाटून मी वाढायला उठते, तर म्हणतात, तुला नाही गं, दिव्याला." ताई एवढ्या हसल्या की त्या दिवशी मला दिवा विझवावाच लागला नाही. नणंद-भावजयीचे विळ्या-भोपळ्याचे नाते असते असे लोक म्हणतात. इथे मला ते कधी दिसले नाही, निदान त्या दिवसापर्यंत तरी.

वर्षअखेरीस विजेचा वापर बराच घटला. साहेबांनी सगळ्यांना बोलावून माझ्या खोलीच्या दारात उभे राहून भाषण केले, आम्हा सेन्सरांसाठी टाळ्या वाजवल्या गेल्या, चहा झाला. मी छतावर फुगून गेलो. खोटे कशाला बोलू?

पण त्यानंतर त्या मजल्याला एक सवय लागली. पूर्वी संध्याकाळी शेवटी निघणारा माणूस प्रत्येक दार उघडून आत डोकावे, कोणी राहिले का बघे आणि मग कुलूप लावी. आता त्याची गरज कोणाला वाटेना. बोळाच्या तोंडाशी उभे राहून सगळ्या दारांच्या काचा बघायच्या. काळोख दिसला म्हणजे आत कोणी नाही. माझ्यावर त्यांचा त्यांच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास बसला होता.

एका संध्याकाळी ताई खुर्चीत वाकून बसल्या होत्या. हातात पेन नव्हते. बरेच दिवस त्यांच्या पोटात कळ यायची आणि ती ओसरेपर्यंत त्या अशाच गप्प राहत. घरी कोणाला सांगितले नव्हते. मी दिवा विझवला. हात वर झाला नाही. थोड्या वेळाने बोळातून चपलांचा आवाज आला. वहिनींच्याच त्या, मी ओळखल्या. पावले दारापाशी येऊन थांबली. दार आणि ताई यांच्यात चार पावलांचेही अंतर नव्हते. ताईंनी तोंड उघडले होते की नाही, ते मला सांगता येणार नाही. आवाज आला नाही. पावले वळली आणि लांब गेली. ताई पुष्कळ उशिराने, मजल्याला कुलूप लागायच्या जरा आधी, उठल्या आणि एकट्याच घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी खोलीत आल्या त्या तणतणतच. "मला वाटलं तुम्ही मला न सांगता पुढे गेलात. मी तशीच फणफणत घरी गेले. तुम्ही आतच होतात तर बोलायचं नाही? अशा बसता की दिव्यालाही वाटत नाही इथे माणूस आहे म्हणून. आम्हाला कसं कळणार?"

ताई म्हणाल्या, "हात वर करायचा कंटाळा आला होता गं."

वहिनी पाय आपटत निघून गेल्या. त्याच आठवड्यात ताईंना दवाखान्यात नेले, आणि त्या परत आल्या नाहीत.

ताईंच्या जागी नवीन माणूस घेतला नाही. खोली झाडून-पुसून बंद केली. झाडणाऱ्यांनी छताजवळच्या हवेच्या जाळीवर चिकटवलेला एक पुठ्ठा ओढून काढला. थंडीच्या दिवसांत त्या जाळीतून गरम हवा येई आणि कागद फडफडत, म्हणून ताईंनी तो लावला होता. झाडणाऱ्यांना ते काय ठाऊक? त्यांना तो कचराच वाटला. मग महिनोन् महिने मी अंधारात होतो. माणसाशिवाय राहणे मला जड जात होते.

थंडी पडली, आणि एके दिवशी ताईंच्या खुर्चीच्या वर काहीतरी ऊबदार सरकले.

दार उघडले नव्हते. पावले वाजली नव्हती. पण ऊब होती, ती हलत होती, आणि नेमकी त्याच जागी, त्याच उंचीवर, जिथे तो डावा हात वर येत असे. मला काय वाटले ते सांगतो, हसू नका. मला वाटले, ताई आल्या. मी दिवा लावला. ऊब थांबली, तसा विझवला. पुन्हा ऊब हलली, पुन्हा लावला. कितीतरी महिन्यांनी मला काम मिळाले होते आणि ते माझ्या आवडत्या माणसाचे होते. मी कशाला शंका घेऊ?

बाहेरून हे पहिल्यांदा पाहिले ते लांब्याने. हा नव्या पंपांचे नकाशे काढणाऱ्यांपैकी एक, दाराच्या चौकटीला डोके आपटेल एवढा उंच आणि मनाने तितकाच भित्रा. प्यायचे पाणी त्या बोळाच्या टोकाला होते. बाटली भरता भरता त्याला बंद खोलीची काच उजळताना दिसली. त्याने बाटली तिथेच टाकली आणि पळत जाऊन सगळ्यांना सांगितले, "ताई हात वर करताहेत."

एवढेच चार शब्द, पण मजल्याची पाचावर धारण बसली. जो तो येऊन लांबून बघून गेला. दिवा लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. लोक पाणी घरून आणायला लागले. बोळातून जायची वेळ आली तर दोघे-तिघे मिळून, मोठमोठ्याने बोलत जात. काही जण म्हणत, त्यांचा जीव नकाशांत अडकला असेल. काही जण म्हणत, अर्धी राहिलेली रेघ पुरी करायला येत असतील. दार उघडून बघावे असे मात्र कोणी म्हणाले नाही.

वहिनींच्या कानावरही हे गेले. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांची तिखट जीभ ताईंबरोबरच गेली होती. पण रोज संध्याकाळी घरी निघताना त्यांच्या चपलांचा आवाज बोळाच्या वळणापर्यंत येई आणि तिथे थांबे. मी दिवा लावला असेल तर तो विझेपर्यंत त्या थांबत. दारापर्यंत कधी आल्या नाहीत. एकदा लांब्याने त्यांना विचारले, "वहिनी, तुम्हाला भीती वाटत नाही?" त्या म्हणाल्या, "वाटते रे. दार उघडलं आणि आत कोणीच नसलं तर?"

साहेबांच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. भूत असो नाहीतर कोणी असो, रिकाम्या खोलीत दिवा जळता कामा नये. त्यांनी वायरमनला बोलावले. तो आला तेव्हा अर्धा मजला त्याच्या मागे दाराबाहेर उभा होता. कोणी विचारले, "मंत्र येतो का?" कोणी म्हणाले, "ताईंना नमस्कार सांगा." त्या वेळी गरम हवा बंद होती, त्यामुळे वायरमनला काही सापडले नाही. त्याने मला उघडले, फुंकर मारली, पुन्हा बसवले आणि सगळ्यांच्या हसण्यातून मान खाली घालून निघून गेला. जाताना माझ्याजवळ पुटपुटला, "तू बिघडलेला नाहीस. मग कोण आहे रे?"

ते त्याच्या मनाला लागले असावे. थोड्या दिवसांनी तो कोणालाही न सांगता जेवणाच्या सुट्टीत आला. सगळे खाली जेवायला गेले होते. पिशवी आणि पिशवीतला फोन तळमजल्यावर ठेवून तो मागच्या जिन्याने शिडी घेऊन वर आला. खोली एवढी लहान की दार लावल्याशिवाय शिडी उघडत नसे. त्याने दार लावले, वर चढला आणि वाट बघत थांबला. गरम हवा सुरू झाली. दोरीवरचे कागद सळसळले. त्याने हात पुढे केला, बोटे जाळीसमोर धरली आणि खुशीत म्हणाला, "अरे, तू होय!"

तेव्हा मला कळले, मित्रांनो. ताई आल्या नव्हत्या. जाळीतून हवा येत होती आणि मी हवेसाठी दिवा लावत होतो. मला किती एकटे वाटले ते कसे सांगू? पण वाईट वाटून घ्यायला सवड मिळाली नाही. जाळीची झडप बंद करायला वायरमन पुढे वाकला, शिडीचा पाय खाली पडलेल्या नकाशाच्या गुंडाळीवर सरकला आणि तो खाली कोसळला. त्याचे डोके कपाटाच्या लोखंडी कडेवर आपटले. आडवी झालेली शिडी दाराला टेकून राहिली.

तो हलेना, आणि जाळीतली हवाही थांबली. नेमलेला वेळ संपला आणि मी दिवा विझवला.

जरा वेळाने जमिनीजवळ थोडी ऊब सरकली. बोटे होती ती. मी दिवा लावला. बोटे थांबली, दिवा विझला. पुन्हा बोटे, पुन्हा दिवा. बोळात माणसांचे आवाज आले. जेवण आटोपून सगळे परत आले होते. मला वाटले, आता कोणीतरी दार उघडेल.

"लागला बघा."

"भरदुपारी?"

"आज फारच हात वर करताहेत," लांब्या म्हणाला. कोणी हसले नाही.

वायरमन कण्हला. बारीक आवाज होता, पण बाहेर पोहोचला. बोळात एकदम शांतता झाली आणि मग पळणाऱ्या पावलांचा आवाज. लांबून कोणीतरी म्हणाले, "साहेब बाहेर गेलेत. ते आले की बघू." एवढ्या मोठ्या मजल्यावर एक माणूस मरत होता, मी दिवा लावून लावून ते सांगत होतो, आणि मी जेवढा जास्त सांगे तेवढे ते जास्त लांब पळत होते.

गरम हवा पुन्हा सुरू झाली नाही. आता खोलीत हलणारे फक्त ती बोटे होती आणि तीही मधूनमधून. दोन हालचालींमधला अंधार लांबत चालला. मला आवडते म्हणून मी कधी दिवा लावला नाही आणि मला नको म्हणून कधी विझवला नाही. त्या दुपारी मात्र मला वाटत होते की एकदा, फक्त एकदा, कोणी हलले नाही तरी मला दिवा लावता यावा. ते मला जमले नाही.

लांब्या पळत दर्शनी टेबलापाशी गेला होता. पुढचे बोलणे मी नंतर, त्याच्याच तोंडून, कितीतरी वेळा ऐकले. तो वहिनींना म्हणाला, "आज तिकडे फिरकू नका. आज आवाजही येतोय."

"कसला आवाज?"

"कण्हल्यासारखा."

वहिनी उठल्या. लांब्या म्हणाला, "वहिनी, कुठे निघालात? साहेब येऊ देत."

"कण्हताहेत म्हणतोस ना? मग बसून कशी राहू?"

"अहो, त्या गेल्यात."

"ठाऊक आहे मला. सरक बाजूला."

त्यांच्या चपला बोळाच्या वळणापाशी थांबल्या नाहीत. सरळ दारापर्यंत आल्या. त्या वेळी मी दिवा विझवलेला होता आणि बोटे हलत नव्हती. दाराची काच काळी होती. मी मनात म्हटले, आता या परत जाणार. काळी काच बघून या एकदा गेल्या होत्या.

वहिनींनी दार ढकलले. शिडी अडली. त्यांनी पुन्हा ढकलले, मग खांदा लावला, मग सगळे अंग लावले. शिडी खरखरत सरकली आणि दाराच्या फटीतून त्या आत आल्या. त्यांच्या येण्याने मी दिवा लावला.

"ताई?" त्या म्हणाल्या. खुर्चीकडे तोंड करून म्हणाल्या. मग त्यांचा पाय एका बुटाला लागला.

वायरमन वाचला. त्याला दवाखान्यात नेले, डोक्याला टाके घातले, मानेला पट्टा लागला. आणखी उशीर झाला असता तर हाती लागला नसता, असे डॉक्टर म्हणाले. मजल्यावर कोणी कोणाच्या नजरेला नजर देईना. आठवड्याभराने लांब्या सांगायला लागला, "मला आधीपासून वाटतच होतं, हवेचं काहीतरी असणार." साहेब एकदा एकटेच खोलीत येऊन गेले. बराच वेळ खुर्चीजवळ उभे होते. दुसऱ्या दिवसापासून शेवटी निघणाऱ्याने प्रत्येक दार उघडून आत बघायचे, असा नियम झाला. माझा स्क्रूही दुसऱ्या टोकाला फिरवायचा हुकूम निघाला.

तो फिरवायला वायरमनच आला, मानेचा पट्टा काढल्यावर लगेच. वहिनी त्याच्याबरोबर खोलीत आल्या. त्यांनी शिडी धरली.

"खाली सगळे म्हणतात, ताईंनी तुम्हाला बोलावलं आणि मला वाचवलं," वायरमन वरून म्हणाला. "माझी बायको पण तेच म्हणते."

"मला कोणी बोलावलं नाही. तुम्ही कण्हत होतात."

"पण तुम्ही माझ्यासाठी आला नव्हतात."

"नाही," वहिनी म्हणाल्या. "तुमच्यासाठी नव्हते आले."

मग त्याने जाळीच्या झडपेला हात लावला. "ही बंद केली की रिकाम्या खोलीत दिवा लागायचा थांबेल. साहेबांनी सांगितलंय तसं. पण तुम्ही म्हणालात तर मी आणखी काही दिवस विसरतो."

ती झडप उघडी राहिली असती तर रोज संध्याकाळी बोळाच्या वळणापाशी उभे राहून त्यांना त्या काचेकडे बघता आले असते. खरे काय ते ठाऊक असूनही बघता आले असते. मलाही तेच हवे होते. हवा तर हवा, त्या खुर्चीवर काहीतरी हलत तर होते.

"बंद करा," वहिनी म्हणाल्या. "आणि स्क्रू आज आहे तसाच राहू द्या. उद्या येऊन फिरवा."

वायरमनने कारण विचारले नाही. त्याने झडप बंद केली, शिडी मिटली आणि तो गेला.

वहिनींनी दार लावून घेतले. त्या ताईंच्या खुर्चीत बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि हलायच्या थांबल्या. ज्यांना मिनिटभर गप्प बसवत नसे, त्या अगदी ताईंसारख्या बसल्या. नेमलेला वेळ संपला. मी दिवा विझवला. त्यांनी हात वर केला नाही.

अंधारात त्या म्हणाल्या, "असं वाटत होतं होय तुम्हाला, ताई."

मग म्हणाल्या, "मी दारापर्यंत आले होते. नुसतं ढकलायचं होतं."

मी सांगितले ना, ऐकण्यावर दिवा लागत नाही. पण रडताना माणसाचे खांदे हलतात, आणि तेवढी हालचाल मला पुरते. दिवा लागला. वहिनी दचकल्या. त्यांनी चटकन आजूबाजूला पाहिले, जाळीकडे पाहिले. जाळी बंद होती, कागद स्थिर होते. खोलीत त्यांच्याशिवाय कोणी नव्हते. तो दिवा त्यांच्यासाठीच लागला आहे हे त्यांना कळले, आणि मग त्या उजेडात बसून त्या मोकळेपणी रडल्या. त्यांचे रडणे संपेपर्यंत मी दिवा विझवला नाही. विझवायची वेळच आली नाही.

त्यानंतर संध्याकाळी वळणापाशी चपला थांबल्या नाहीत. खोलीत आता नवीन मुलगी बसते, ती भरपूर हलते. माझ्या काचेवर धूळ साचली आहे, लहानसहान ऊब मला पूर्वीसारखी कळत नाही, आणि आमच्या जागी माणसाचा नुसता श्वास ओळखणारे नवे सेन्सर येणार आहेत असे ऐकतो. येऊ देत. मी त्यांचा हेवा करणार नाही. पण एखाद्या संध्याकाळी, मुलगी घरी गेल्यावर, त्या खुर्चीच्या वर मला काहीतरी सरकल्यासारखे वाटते. जाळी बंद असते. दिवा लावण्याएवढे ते नसते, म्हणून मी लावत नाही. मी नुसता लक्ष ठेवून राहतो.

मित्रांनो, वीज जरूर वाचवा. त्यासाठीच माझा जन्म आहे. खोलीतून निघताना दिवा विझवा, आणि आमच्यासारखे सेन्सर असतील तर अधूनमधून त्यांची काच कोरड्या फडक्याने पुसा. पण खोलीत माणूस आहे की नाही, हे आम्हाला विचारू नका. आम्हाला ते कधीच कळले नाही. दाराची काच काळी दिसली तरी दार ढकला आणि हाक मारा. उत्तर आले नाही तरी आत जाऊन बघा, कारण उत्तर द्यायचे बळ प्रत्येकात असतेच असे नाही.